बटेरांचा उन्हाळा: सोडा, जीवनसत्त्व क आणि बाकीची पूरके किती, कधी, कशातून

एप्रिल लागला की बटेरपालकांचा एकच प्रश्न सुरू होतो: "पक्षी धापा टाकतायत, पाण्यात काय टाकू?" मग दुकानदार देईल ते पाकीट आणले जाते, अंदाजाने टाकीत ओतले जाते, वर गूळ आणि लिंबूही पडते. चार दिवसांनी विष्ठा पातळ, अंड्यांची टरफले मऊ आणि मरतूक होती तशीच. पूरके निकामी असतात म्हणून असे होत नाही. ती उशिरा, चुकीच्या क्रमाने आणि न मोजता दिली जातात म्हणून होते.

खाली दिलेला क्रम पाळा. पहिले चार टप्पे कंटाळवाणे वाटतील, पण ते न करता थेट पाचव्यावर उडी मारली तर पैसा पाण्यात जाईल, तोही अक्षरशः. सगळी मापे प्रौढ जपानी बटेरांसाठी आहेत. पिल्लांसाठी वेगळे काही असेल तिथे तसे लिहिले आहे.

टप्पा १: ताण किती आहे ते मोजा

तापमापक शेडच्या दारात किंवा खांबावर टांगू नका. पिंजऱ्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर लावा. पत्र्याच्या शेडमध्ये खालचा आणि वरचा मजला यांत चांगलाच फरक पडतो आणि मरतूक बहुधा वरच्याच मजल्यावर दिसते.

साधारण १८ ते २५ अंश सेल्सिअसमध्ये प्रौढ बटेर आरामात असते. तीसच्या पुढे खाणे कमी होते. चौतीस-पस्तीसला चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, मान पुढे काढून धापा सुरू. अडतीसच्या वर पक्षी बसून राहतो, आणि ज्याला उठवले तरी उठत नाही त्याला पूरक देऊन उपयोग नसतो. त्याला आधी सावली, वारा आणि पाणी लागते.

नागपूर, अकोला, जळगाव, चंद्रपूर या पट्ट्यात उष्णता कोरडी असते. तिथे गोणपाट भिजवणे, फॉगर (पाण्याचे बारीक धुके उडवणारे यंत्र), छतावर पाणी यांचा लगेच फायदा होतो. कोकणात पारा चौतीसच दाखवतो, पण हवेत ओल इतकी असते की धापा टाकूनही अंगातली उष्णता निघत नाही. तिथे फॉगर लावला तर त्रास वाढतो. कोकणात फक्त पंखे आणि मोकळी हवा.

धाप म्हणजे काय हे समजले की पुढचे सगळे डोस समजतात. पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नाहीत, तो श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर टाकून थंड होतो. पण भरभर श्वासाबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होते. बायकार्बोनेट कमी पडते, टरफलासाठी लागणारे मोकळे कॅल्शिअम घटते, मूत्रावाटे पोटॅशिअम जाते. उन्हाळ्यात टरफल पातळ होते ते यामुळे. नुसते शिंपल्याचे ग्रिट (जाडसर तुकडे) वाढवून ते जाड होत नाही.

तपासा: दुपारी दोन ते चार या वेळेत दहा मिनिटे शांत उभे राहा. दर शंभर पक्ष्यांत किती जण चोच उघडून आहेत ते मोजा आणि वहीत लिहा. पुढे पूरक लागू पडले का, हे याच आकड्यावरून कळेल.

टप्पा २: पाण्याची चाचणी, पूरक आणण्याआधी

प्रौढ बटेर दिवसाला २५ ते ३० ग्रॅम खाते आणि साध्या दिवसांत त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. कडक उन्हात पाणी आणखी वाढते, खाणे घटते. म्हणजे पाण्यात जे काही आहे ते पक्ष्याच्या पोटात जास्त जाणार.

म्हणून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र) घ्या, तो स्वस्त मिळतो. हजाराच्या आत आकडा असेल तर निश्चिंत राहा. हजार ते तीन हजार असेल तर विष्ठा पातळ होऊ शकते आणि वरून क्षार घालताना हात आखडता घ्यावा लागतो. तीन हजारांच्या वरचे पाणी कोंबडीवर्गीय पक्ष्यांना देऊच नये.

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाण पट्ट्यातल्या (खाऱ्या पाण्याच्या भागातल्या) बटेरपालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बोअरच्या पाण्यात सोडिअम आधीच भरपूर असते. त्यात सोडा आणि इलेक्ट्रोलाइटची पाकिटे घातली की मूत्रपिंडावर ताण येतो, विष्ठा पाण्यासारखी होते आणि विष्ठेचा ट्रे ओला राहून अमोनिया वाढतो. अशा ठिकाणी पिण्यासाठी आरओचे किंवा टँकरचे गोडे पाणी वापरा. ते शक्य नसेल तर सोडा वगळून जीवनसत्त्वे आणि बेटेन (पेशीतले पाणी धरून ठेवायला मदत करणारे पूरक) यांवर भर द्या.

पाणी गार असले पाहिजे. काळी टाकी आणि उन्हातून गेलेला पाइप असेल तर दुपारी निप्पलमधून (पक्षी चोचीने दाबून पाणी पितो त्या तोटीतून) कढत पाणी येते आणि पक्षी पिणे सोडतो. टाकीवर गोणपाट टाका, पाइप झाका आणि बारा व तीन वाजता लाइन सोडून साचलेले गरम पाणी काढून टाका. एवढ्यानेही धापा कमी होतात, एक रुपयाचे पूरक न देता.

टप्पा ३: मूळ खाद्य उन्हाळ्याचे करा

उन्हाळ्यात पक्षी कमी खातो म्हणून बरेच जण प्रथिने वाढवतात. उलटा परिणाम होतो. पचनात सर्वाधिक उष्णता प्रथिनांमधून निर्माण होते, सर्वांत कमी तेलातून. म्हणून:

- अंड्यावरच्या माद्यांच्या खाद्यात कच्ची प्रथिने (क्रूड प्रोटीन, म्हणजे एकूण प्रथिने) २० टक्क्यांच्या आसपासच ठेवा. कमी पडणारे लायसिन आणि मेथिओनिन (प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले) वेगळे घाला.
- मक्याचा काही भाग कमी करून २ टक्के सोयाबीन तेल घाला, म्हणजे १०० किलोला २ किलो. तेलाने भुकटीही कमी उडते.
- तेल घातलेले खाद्य उन्हाळ्यात लवकर खवट होते. आठ-दहा दिवस पुरेल इतकेच बनवा. वास घेऊन बघा. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला की ते खाद्य माद्यांना देऊ नका.
- कॅल्शिअम अडीच ते तीन टक्के. त्यातला निम्मा भाग भुकटी न देता जाडसर शिंपला किंवा मार्बल ग्रिट म्हणून द्या.

तयार खाद्य विकत घेत असाल तर पोत्यावरची चिठ्ठी वाचा. त्यात मीठ, झिंक, सेलेनिअम, जीवनसत्त्वे आधीच आहेत. तुम्ही घालणार ते त्याच्या वर जाणार.

टप्पा ४: खाण्याची वेळ बदला

दिवे पहाटे चारला लावा. संध्याकाळचा दिवा आठला बंद करा. नैसर्गिक उजेड धरून सोळा तास होतात, तेवढे अंड्यांना पुरे. पहाटेच्या गारव्यात बटेर भरपेट खाते आणि पचनाची उष्णता पारा वर चढण्याआधीच निघून जाते.

सकाळी साडेदहाला फीडर (खाद्याची भांडी) उचला, संध्याकाळी पाच वाजता परत ठेवा. पाचला ठेवताना भुकेले पक्षी एकावर एक चढतात, म्हणून सगळ्या मजल्यांवर एकाच वेळी, शक्यतो दोघांनी मिळून खाद्य टाका. ग्रिट या संध्याकाळच्या खाद्यातच द्या. बटेर कोंबडीसारखी सकाळी अंडे देत नाही. बहुतेक अंडी दुपारनंतर आणि संध्याकाळी येतात. पुढच्या अंड्याचे टरफल रात्रभर तयार होत राहते आणि त्या वेळी पोटात जाडसर, हळू विरघळणारे कॅल्शिअम असावे लागते.

सावधान: तीन आठवड्यांखालच्या पिल्लांचे खाद्य कधीही उचलू नका. त्यांच्या पाण्याच्या भांड्यात गोट्या किंवा धुतलेले खडे घाला. उन्हात पिल्ले पाण्याकडे झेप घेतात आणि उथळ भांड्यातही बुडून मरतात.

टप्पा ५: पूरके निवडा

आता पाकिटे. उन्हाचा तडाखा बसल्यावर नाही, पारा चढण्याच्या आधी आठवडाभर सुरू करा. विदर्भ-खानदेशात मार्चच्या मध्यापासून, कोकणात एप्रिलच्या सुरुवातीपासून. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला की तीच खूण समजा.

जीवनसत्त्व क आणि जीवनसत्त्व ई ही जोडी पहिली. पक्षी जीवनसत्त्व क स्वतः बनवतो, पण उष्णतेत गरज उत्पादनापेक्षा वाढते. तुर्कस्तानातल्या फिरात विद्यापीठात जपानी बटेरांना ३४ अंशांत ठेवून याचे अनेक प्रयोग झाले. क आणि ई मिळालेल्या पक्ष्यांचे खाणे आणि वाढ न मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिली. तिथल्या मात्रांच्या आधाराने आपण असे धरू: दोन्ही जीवनसत्त्वे एका किलो खाद्यात २५० मिलिग्रॅम.

१०० किलो खाद्याला:

- जीवनसत्त्व क: २५ ग्रॅम. कोटिंग केलेलेच घ्या. उघडी भुकटी खनिजांसोबत राहिली की आठवड्यात बरीचशी निकामी होते.
- जीवनसत्त्व ई: ५० टक्क्यांची भुकटी असेल तर ५० ग्रॅम. महाग वाटेल. पैसे मर्यादित असतील तर मांसाच्या पक्ष्यांना वगळा, पण पैदाशीच्या आणि अंड्यावरच्या माद्यांना द्याच.
- झिंक: ३ ग्रॅम शुद्ध झिंक. फीड ग्रेड झिंक सल्फेट मोनोहायड्रेट साधारण साडेआठ ग्रॅम.
- बेटेन: १०० ग्रॅम. पेशीतले पाणी धरून ठेवायला मदत करते. निर्जल बेटेन घ्या, हायड्रोक्लोराइडमध्ये बेटेनचे प्रमाण कमी असते.
- खाण्याचा सोडा: ३०० ग्रॅम, मिठात काटछाट करून. खाली वाचा.

सोड्याचा हिशोब नीट समजून घ्या, कारण सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. सोड्यात सुमारे २७ टक्के सोडिअम असते, मिठात ३९. घरी बनवलेल्या खाद्यात १०० किलोला ३०० ग्रॅम मीठ घालत असाल तर उन्हाळ्यात ते २०० ग्रॅम करा आणि ३०० ग्रॅम सोडा घाला. सोडिअम एकंदर १६० ग्रॅम होते, जे योग्य मर्यादेत आहे. मीठ पूर्ण काढू नका, क्लोराइडही लागते. तयार खाद्यात मीठ कमी करता येत नाही, तिथे सोडा २०० ग्रॅमवर थांबवा.

सावधान: धुण्याचा सोडा वेगळा आणि खाण्याचा वेगळा. किराणा दुकानात दोन्ही सुटे मिळतात आणि दिसायला सारखे असतात. धुण्याचा सोडा पक्ष्याचे तोंड आणि अन्ननलिका भाजतो. बेकिंग पावडरही नको. पाकिटावर खाण्याचा सोडा किंवा सोडिअम बायकार्बोनेट लिहिलेले असेल तरच घ्या.

तसेच, शेतीच्या दुकानातले झिंक सल्फेट आणि म्युरेट ऑफ पोटॅश खत म्हणून बनवलेले असते, त्यात जड धातू असू शकतात. पक्ष्यांना ते देऊ नका. दहा रुपये वाचवण्यासाठी अंड्यांतून माणसाच्या ताटात शिसे पाठवणे परवडणारे नाही.

सेलेनिअम वेगळे घेऊ नका. ते जीवनसत्त्व ईला चांगली साथ देते, पण गरज आणि विषबाधा यांत फार अंतर नसते. किलोला ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम पुरते आणि ते बहुतेक प्रिमिक्समध्ये (जीवनसत्त्वे-खनिजांच्या तयार मिश्रणात) असतेच. अमोनिअम क्लोराइड मांसाच्या कोंबड्यांसाठी वापरतात म्हणून अंड्यावरच्या बटेरांना घालू नका. रक्त आम्लधर्मी झाले की टरफल आणखी पातळ होते.

आवळा भुकटी, तुळस, कोरफड याबद्दलही बरेच विचारतात. आवळा भुकटी द्यायला हरकत नाही. पण उन्हात वाळवलेल्या भुकटीत जीवनसत्त्व क किती उरले हे कळायचा मार्ग नाही, त्यामुळे वरच्या २५ ग्रॅमऐवजी ती धरू नका.

टप्पा ६: मिसळा, तेही पायऱ्यांनी

साडेआठ ग्रॅम झिंक सल्फेट १०० किलो खाद्यात फावड्याने मिसळत नाही. एका पक्ष्याला सगळे, नव्व्याण्णवांना काहीच नाही, असे होते.

पहिल्यांदा वजन. चमचा, मूठ, काडेपेटीचे झाकण ही मापे नाहीत. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. सोडा वगळून बाकीची सगळी कोरडी पूरके एका किलो मक्याच्या बारीक भरड्यात घालून झाकणाच्या डब्यात पाच मिनिटे हलवा. हा एक किलो चार किलो भरड्यात मिसळा. तो पाच किलोचा गठ्ठा वीस किलोत, आणि शेवटी तो सगळा १०० किलोत. तेल सर्वांत शेवटी, थोडे थोडे शिंपडत. आधी तेल घातले तर भुकटीच्या गाठी होतात.

जीवनसत्त्वे आणि सोडा पहिल्या डब्यात एकत्र घालू नका. सोडा शेवटच्या फेरीत, तेलाच्या आधी टाका. डबा सावलीत, कोरड्या जागी. हातमोजे आणि नाकाला रुमाल, झिंकची भुकटी श्वासात जाऊ देऊ नका.

तपासा: पोत्याच्या तळातून, मधून आणि वरून एकेक मूठ काढून पांढऱ्या कागदावर पसरा. रंग आणि दाणे तिन्ही ठिकाणी सारखे दिसायला हवेत.

टप्पा ७: कडक दिवसांसाठी पाण्यातून

खाद्यातली मात्रा किलोमागे ठरते. हजार पक्षी एरवी दिवसाला ३० किलो खातात, लाटेच्या दिवसांत वीस-बावीसवर येतात. म्हणजे नेमकी जास्त गरज असते तेव्हा पूरक कमी पोहोचते. खाणे पाऊण भागाच्या खाली गेले, तर तेवढ्याच दिवसांसाठी पाण्याचा मार्ग घ्या.

सकाळी सहा ते दहा या वेळेत जीवनसत्त्व क, लिटरला २५० मिलिग्रॅम. वेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत किंवा छोट्या टाकीत, चार तासांत संपेल इतकेच. क्लोरीन, ऊन आणि लोखंडी किंवा तांब्याची भांडी जीवनसत्त्व क निकामी करतात. क्लोरीनचे पाणी असेल तर क्लोरीन रात्री द्या, सकाळचे पाणी साधे.

अकरा ते चार, धापा सुरू असताना, खाण्याचा सोडा लिटरला १ ग्रॅम. ज्यांनी खाद्यातच सोडा घातला आहे त्यांनी हे करू नये. खाद्यातून किंवा पाण्यातून, एकच मार्ग. पाकिटातले इलेक्ट्रोलाइट वापरायचे असेल तर त्यावर छापलेल्या मात्रेने, आणि त्या दिवशी सोडा नाही.

चार वाजल्यापासून रात्रभर साधे, स्वच्छ पाणी.

लिंबू आणि सोडा एकत्र कधीही नको. दोन्ही एकमेकांना मारतात, फेस येतो आणि उरतो तो निव्वळ सोडिअमचा क्षार. जीवनसत्त्व क आणि सोड्याचेही तसेच, अल्कधर्मी पाण्यात ते टिकत नाही. गुळाचे पाणी उन्हात दोन-तीन तासांत आंबते आणि निप्पलमध्ये चिकट थर धरते. मी तरी गूळ देऊच नका असे सांगेन. ज्यांना सोडवत नाही त्यांनी भांड्यातूनच, दोन तासांसाठी, मग भांडे घासून.

लसीकरणाच्या आदल्या दिवसापासून पाण्यातले सगळे बंद ठेवा. राणीखेतची लस पाण्यातून देणार असाल तर हे अगदीच आवश्यक आहे.

पाण्यातली पूरके सलग पाच दिवसांपेक्षा जास्त नको. लाट लांबली तर एक दिवस साधे पाणी देऊन पुन्हा सुरू करा आणि त्या दिवशी सगळी लाइन सोडून धुऊन घ्या.

टप्पा ८: लागू पडले का ते बघा, आणि थांबा

वहीत रोज सहा आकडे लिहा: वरच्या मजल्यावरचे दुपारचे तापमान, खाल्लेले खाद्य, पाणी, अंडी, दर शंभरात पातळ किंवा तडकलेली अंडी, मरतूक. त्याच्या शेजारी पहिल्या टप्प्यातला धापांचा आकडा.

टरफल लगेच सुधारत नाही, सोडा सुरू केल्यावर आठवडाभर वाट बघा. खाणे मात्र तीन-चार दिवसांत सावरायला हवे. विष्ठा पाण्यासारखी झाली तर आधी सोडा बंद करा, मग पाणी तपासा. जीवनसत्त्वे बंद करायची गरज नसते. दिवसाची मरतूक अचानक चढली, मान वाकडी, हिरवी विष्ठा, नाकातून स्राव दिसला तर तो नुसता उन्हाचा त्रास नसावा. पूरकांचा प्रयोग थांबवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे ताजा मेलेला पक्षी घेऊन जा, बर्फाच्या डब्यात.

पावसाची पहिली सर पडून शेडमधले दुपारचे तापमान सलग आठवडाभर तीसच्या आत राहिले की सोडा काढा आणि मीठ मूळ प्रमाणावर आणा. झिंक आणि बेटेन उरलेले पोते संपेपर्यंत चालू द्या. जीवनसत्त्व क आणि ई हळूहळू, दोन खेपांमध्ये निम्म्यावर आणून बंद करा. ऑक्टोबरच्या उन्हासाठी कोटिंगचे पाकीट हवाबंद डब्यात ठेवा, पण त्याआधी त्यावरची मुदत वाचा.